जेसीबी येण्याआधी: गायरान, तलाव आणि रस्त्याकडेची झाडी काढताना स्थलांतरित पक्षी कसे सांभाळायचे

बेळगाव जिल्ह्यात सरकारी जागेवरची झुडपं बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्येच निघतात, कारण बिल 31 मार्चच्या आत पास व्हायला हवं असतं. पाच-सहा आठवड्यांत गावतलावाचा बांध, गायरानातली वेडी बाभूळ, नाल्याकाठची बेशरम असं सगळं सपाट होतं. त्यानंतर एप्रिल-मेमध्ये पावसाआधीची फांद्यांची तोडणी सुरू होते. पक्ष्यांच्या बाजूने पाहिलं तर वर्षातले हे दोन्ही काळ वाईट. पहिल्यात परतीच्या प्रवासाची तयारी करणारे पाहुणे सापडतात, दुसऱ्यात घरटी घातलेले स्थानिक.

काम करूच नका असं मी म्हणत नाही. बांधावर झाडी माजली की मुळांच्या वाटेनं पाणी झिरपतं आणि गळती डोळ्याला दिसतही नाही. वेडी बाभूळ जनावरांची चराई खाते. तारेला टेकलेली फांदी माणसाच्या जिवावर बेतते. ठरवायचं असतं ते एवढंच, की काम कधी करायचं, कुठून सुरू करायचं आणि किती ठेवायचं. माझ्या मते हे तिन्ही एस्टिमेट लिहितानाच ठरतं. मशीन शिवारात उतरल्यावर आपण मोबाईल घेऊन धावलो तर फार तर एखादं झाड वाचतं.

हिवाळी पाहुण्यांची घरटी इथे शोधू नका

"घरटं तर एकही नाही, मग बिघडलं कुठे?" ठेकेदाराचा हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण हिवाळ्यात येणारे बहुतेक पक्षी इथे घरटी घालतच नाहीत. घटप्रभा पक्षी अभयारण्यात, म्हणजे धुपदाळच्या बंधाऱ्यामागे पसरलेल्या पाण्यावर, येणारा कांड्या करकोचा मध्य आशियाच्या गवताळ भागातून येतो. पट्टकदंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून उतरतो. त्यांना इथे तीन गोष्टी लागतात: खाणं, रात्रीचा निवारा आणि दिवसा दडायला आडोसा. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुमारे 30 देशांवरच्या या वाटेत आपल्याकडचा मुक्काम दक्षिणेच्या टोकाजवळचा. मार्चमध्ये निघताना अंगावर चरबी नसेल तर पुढचा हजारो किलोमीटरचा पल्ला निभत नाही. नेमक्या त्याच महिन्यात आपण त्यांचा निवारा उचकटतो.

मोठे पक्षी निदान उडून दुसऱ्या तळ्यावर जातात. झुडपातल्या वटवट्याचं आणि माशीमाराचं तसं नाही. हे पक्षी हिवाळाभर चार-दोन झुडपांचा आपला इलाका धरून बसतात आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच जागी परततात. झुडूप गेलं की शेजारचा इलाका दुसऱ्याच्या ताब्यात असतो.

उलट चातक आणि नवरंग हे पावसाळ्यातले. चातक मान्सूनच्या तोंडाशी आफ्रिकेकडून येतो आणि अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. सातभाईला घरट्यासाठी करवंद, बोर, बाभळ अशी काटेरी जाळी लागते. म्हणजे जूनमध्ये करवंदीची जाळी उपटली तर सातभाईही गेले आणि चातकही. पावसाची वाट पाहणारा म्हणून कवितेत ज्याचं कौतुक करायचं, त्याचा पाळणा आपण "साफसफाई" या सदराखाली खर्ची टाकतो.

जागेप्रमाणे महिना ठरवा

सगळ्या जिल्ह्याला लागू पडेल असा एक सुरक्षित महिना सांगता येत नाही. कणकुंबीला धो धो पाऊस, अथणीत आभाळाकडे डोळे. दोन्हीकडे एकाच तारखेची वर्क ऑर्डर काढणं हाच मूळ घोळ आहे.

*तलाव आणि धरणाचा फुगवटा.* बदकं ऑक्टोबरअखेर उतरू लागतात, डिसेंबर ते फेब्रुवारी भर असतो आणि मार्च संपता संपता पाणी मोकळं होतं. त्यामुळे पाण्यातली जलपर्णी आणि पाणकणीस काढायला एप्रिल-मे बरा. मात्र पाणी आटून उघड्या पडलेल्या काठावर तेव्हाच टिटवी, कंठेरी चिखल्या, शेकाट्या यांची जमिनीवरची घरटी असतात, म्हणून ट्रॅक्टरची वाट आधी आखून घ्यावी. जूननंतर कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, तेव्हा पाण्याला हात नको. बांधावरच्या झुडपांसाठी वेगळा काळ: ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. सुगरणीचा विणीचा हंगाम उरकलेला असतो, बगळ्यांच्या वसाहती रिकाम्या झालेल्या असतात आणि बदकांची गर्दी अजून व्हायची असते.

पाणकणसाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्याला सगळेच कचरा समजतात. हिवाळ्यात संध्याकाळी माळभिंगऱ्या आणि धोबी थव्याने रात्र काढायला त्यात उतरतात, दलदल भोवत्या हा शिकारी पक्षीही तिथेच मुक्काम करतो. चिकोडी-अथणीकडे हेच पक्षी उसातही रात्र काढतात. पण गळीत हंगाम सुरू झाला की ऊस फडाफडाने उतरतो आणि पाणकणीस हाच उरलेला आसरा ठरतो. त्यामुळे ते पूर्ण कधीच काढू नये. एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी, आणि पाण्याच्या वाटेवरचं तेवढं मोकळं.

*माळ आणि गायरान.* गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती, अथणी या कोरड्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च भोवत्या उंच गवतात जमिनीवर झोपतो. मार्चपासून पावसाळाभर टिटवी, चंडोल, लावा, तित्तर यांची घरटी. म्हणजे पूर्ण रिकामा महिना जवळपास नाहीच. इथे गवत पट्ट्यापट्ट्याने कापणं हाच उपाय: ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन पट्टे कापावेत, एक उभा ठेवावा आणि उभा पट्टा दरवर्षी बदलावा. गवत पेटवणं मात्र कुठल्याच महिन्यात चालवून घेऊ नये. "जाळल्यावर नवं गवत जोमानं येतं" हे गावोगावी ऐकू येतं. येतं खरं, पण अंडी, पिल्लं, सरडे, नाकतोडे यांची राख करून.

*रस्त्याकडेची झाडं.* पावसाआधीची तोडणी टळत नाही, कारण वादळात फांदी तारेवर पडली की अख्खं गाव अंधारात. तेव्हा नेहमीची छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकावी आणि मेमध्ये फक्त धोक्याची फांदी काढावी. पांगारा, पळस, सावर यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयता लावू नये. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे तेव्हा त्यांच्या फुलांतल्या मधावर तुटून पडलेले असतात. वाळलेलं झाड पडायच्या बेतात नसेल तर उभं राहू द्यावं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ, कर्नाटकाचा राज्यपक्षी, मार्च ते जुलै अशाच झाडाच्या ढोलीत अंडी घालतो.

*खानापूरकडची झाडी.* नवरंग मेअखेर येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. त्याचं घरटं म्हणजे काटक्या-पानांचा मोठा गोळा, जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर. पाचोळ्यात ते ओळखूही येत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर खालची झुडपं आणि पाचोळा हलवू नये. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे निघतो, त्यानंतर रस्त्याची एकच बाजू घ्यावी. जंगलातल्या जाळपट्ट्यांचं, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यांचं, काम वनखात्याचं आहे आणि ते वेळेत व्हायलाच हवं. वणवा पेटला तर वाचवायला काही उरत नाही. 2011 मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या भीमगडच्या हद्दीत तर गावाने स्वतःहून कोयताही उचलू नये.

कागदावर काय यायला हवं

आधी जागा कोणाची ते पाहा. गायरान महसूल खात्याचं की पंचायतीच्या ताब्यात, तलाव पंचायतीचा की लघु पाटबंधारेचा, रस्ता जिल्हा पंचायतीचा की सार्वजनिक बांधकामचा. बेळगाव शहरालगतच्या लष्करी आणि कॅन्टोन्मेंटच्या जागेत त्यांच्या लेखी परवानगीशिवाय पाहणीलाही जाऊ नये. झाड तोडायचं असेल तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, 1976 प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती काढली आहे का, हे विचारायचा हक्क कुठल्याही गावकऱ्याला आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्याची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हे येतं. 2022 च्या दुरुस्तीनंतर बहुतेक रानपक्षी पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत आहेत. साध्या गुन्ह्यालाही 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे धमकी म्हणून सांगू नका. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आणि इंजिनिअरला एवढंच सांगा, की अडचण आली तर सही तुमची असते.

पण कायद्यापेक्षा मोजमापाचा नियम जास्त काम करतो. ठेकेदाराला पैसे साफ केलेल्या चौरस मीटरवर मिळतात. त्याने एक करवंदीची जाळी ठेवली तर एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, तेवढं क्षेत्र वजा होतं. मग तो का ठेवेल? म्हणून एस्टिमेटमध्ये या चार ओळी घालून घ्या:

- "राखीव ठेवलेली जाळी, झाडं व पट्टे मोजमापातून वजा करू नयेत."
- "काम अमुक महिन्यातच करावं, मुदत हुकल्यास पुढच्या योग्य महिन्यात करावं."
- "काम सुरू होण्याआधी सकाळ-संध्याकाळ पाहणी करून तिचा कागद जोडावा."
- "घरटं आढळल्यास त्या भागातलं काम थांबेल, त्यासाठी दंड किंवा विलंब आकारला जाणार नाही."

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. काम थांबवलं म्हणून आपलंच नुकसान होणार असेल तर मुकादम घरटं पाहूनही न पाहिल्यासारखं करतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा. भाषेचा वाद घालायला दुसरी व्यासपीठं पुष्कळ आहेत. इथे कागद टेबलावरून पुढे सरकणं महत्त्वाचं. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही एक प्रत द्या. समिती कागदावरच असली तरी आवक क्रमांक पडतो.

पाहणी दोन वेळा: पहाटे घरट्यांसाठी, संध्याकाळी निवाऱ्यासाठी

पहाटेची पाहणी सूर्योदयापासून दोन तास. झुडपांत शिरून फांद्या बाजूला करत घरटी शोधू नका. त्यात अंडी पडतात आणि कावळा आपल्यामागून येतोच. थोडं दूर, झाडाला टेकून अर्धा तास गप्प बसा. चोचीत काडी किंवा अळी घेऊन एकाच जाळीत पुन्हा पुन्हा जाणारा पक्षी, जवळ गेलं की ओरडून डोक्यावर घिरट्या घालणारी टिटवी, पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जाणारा चिखल्या: यातलं काहीही दिसलं की जवळ घरटं आहे असं धरून चला.

टिटवीचं घरटं बघायला डोळा तयार व्हावा लागतो. माळावर जेमतेम ओंजळीएवढा खळगा, भोवती बारीक खडे, कधी शेळीच्या लेंड्या. आत मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. दोन पावलांवरून माणूस ओलांडून जातो. जेसीबीच्या सीटवरून ते दिसण्याची आशाच नको, म्हणून माळावर मशीनच्या पुढे एक माणूस चालत हवा.

संध्याकाळची पाहणी बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि हिवाळी पाहुण्यांसाठी तीच खरी. सूर्यास्ताच्या तासभर आधी वाऱ्याच्या उलट बाजूला बसा. भोवत्या गवतावरून खालून तरंगत येतो, घिरट्या घालतो आणि एकदम गवतात बसतो. धोबी आणि भिंगऱ्या उजेड जाता जाता येतात. भोरड्यांचा थवा वेड्या बाभळीच्या बनात उतरला तर कलकलाटावरून कळतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी, पक्षी नसताना, तिथे जाऊन पाहा. दबलेलं गवत, विष्ठा, आणि केस व नाकतोड्यांचे तुकडे असलेल्या उलटीच्या गोळ्या सापडल्या तर तो भोवत्याचा रोजचा मुक्काम. तेवढा भाग मार्चअखेरपर्यंत सोडा.

घरट्याला रिबन बांधू नका. गावची पोरं आणि कावळे दोघांनाही तो पत्ता मिळतो. दूरच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याला चुना लावा आणि अंतर-दिशा नकाशावर टिपा. अंतर किती ठेवायचं याचे माझे ढोबळ हिशेब असे: बुलबुल, शिंपी अशा छोट्यांसाठी दहा मीटर, जमिनीवरच्या घरट्याला तीस, शिकारी पक्षी आणि बगळ्यांच्या वसाहतीला शंभरच्या वर. पक्षी अंड्यांवरून उठला तर अंतर कमी पडलं, एवढी खूण पुरे.

पाहणी आठवड्यापेक्षा जुनी झाली तर पुन्हा करावी. थांबायचं किती हेही मुकादमाला आधीच सांगून ठेवा. बुलबुलाची अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला जवळपास तेवढेच दिवस, म्हणजे महिन्याभराचा प्रश्न. टिटवीची अंडी चार आठवडे उबवावी लागतात, पण पिल्लं जन्मल्यावर लगेच पायांवर चालू लागतात.

कामाच्या दिवशी

सकाळी मजुरांना गोळा करून पाच मिनिटं बोला. शक्य असेल तर पक्ष्यांची रंगीत चित्रं दाखवा. भाषणापेक्षा ती लक्षात राहतात. गोकाककडची माणसं असतील तर "इल्लि हक्की गूडु ऐती, निल्लरी" (इथे पक्ष्याचं घरटं आहे, थांबा) एवढं कन्नड मुकादमाला यायला हवं. "अण्णा, घरटं दिसलं तर मलाच हाक मार, तुझी हजेरी कापत नाही" हे वाक्य मजुरांसमोर मोठ्याने बोलून घ्या. जाळीत सगळ्यात आधी हात घालणाऱ्या बाया असतात. घरटी त्यांनाच दिसतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

सुरुवात रस्त्याच्या किंवा वस्तीच्या बाजूने करून उभ्या झाडीकडे सरकत जा, म्हणजे ससा, तित्तर, मुंगूस यांना पळायला वाट राहते. चारी बाजूंनी कापत आत आलात तर सगळे मधल्या शेवटच्या तुकड्यात अडकतात. गवत जमिनीलगत खरडू नका, वीतभर ठेवा. पहाटे आणि संध्याकाळचे तास सोडून मधल्या वेळात काम करा. रात्री दिवे लावून मशीन चालवणं तर नकोच.

काढलेल्या काट्याकुट्यांचा ढीग दोन दिवसही ठेवला की त्यात पक्षी, साप, मुंगूस शिरतात. मग तो पेटवला की आत काय होतं ते सांगायला नको. ढीग त्याच दिवशी उचला, किंवा बांधाखाली पसरून कुजू द्या. पाण्याकाठी तणनाशक मारू नका. जलपर्णी दोरीने काठाकडे ओढून काढा आणि काठावर आणल्यावर तासभर तशीच ठेवा, अडकलेले मासे-बेडूक परत जातात.

घाणेरी आणि वेडी बाभूळ

परदेशी झुडूप म्हणजे पक्ष्यांना निरुपयोगी, असं समजू नका. घाणेरीची फळं बुलबुल खातात आणि बी पसरवतात, वेड्या बाभळीत भोरड्या झोपतात. एकदम सगळं काढलं तर मधली दोन-तीन वर्षं तिथे काहीच राहत नाही. म्हणून तुकड्यांनी काढा, आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यात बोर, करवंद, हिवर, पांगारा लावून तो धरल्यावर पुढच्या तुकड्याला हात घाला. जागेवर हे करताना पंचायतीचा धीर सुटतो, कारण फोटोत "झालेलं काम" दिसत नाही. उद्योग खात्रीची (रोजगार हमीची) कामं दोन-तीन वर्षांत विभागून मागितली तर ते जमतं.

घाणेरी जमिनीलगत छाटली की दुप्पट फुटते. मातीखाली साधारण बोटभर खोल, मुळाच्या ज्या गाठीतून फुटवे येतात तिच्याखाली, कुदळीच्या पात्याने मूळ तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. जमीन फारशी उकरली जात नाही, त्यामुळे नवं तणही कमी उगवतं. फळं पिकण्याआधी हे करा. नंतर किमान दोन वर्षं रोपं हाताने उपटत राहावं लागतं, त्याची मजुरी एस्टिमेटमध्ये बहुधा कोणीच धरत नाही. ती धरायला लावा.

घरटं पडलंच तर

काम तिथेच थांबवा. पिसं न फुटलेलं पिल्लू असेल तर घरटं, नाही तर गवत घातलेली छोटी टोपली, जवळच्याच फांदीला सावलीत बांधून त्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकून जातात हा गैरसमज आहे. दूर उभं राहून तासभर पाहा, बहुतेकदा ते येतात. पाणी चोचीत ओतू नका. जखमी पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनखात्याला कळवा; घरी पाळणं हा गुन्हा आहे. पायात कडं किंवा मानेला पट्टी असलेला पक्षी दिसला तर रंग आणि अक्षरं-आकडे टिपून फोटोसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. तळ्याकाठी एकदम बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला सांगा.

पुढच्या वर्षीची तयारी आत्ताच

काम झाल्यावर त्याच जागेवरून, त्याच दिशेने दर तीन महिन्यांनी एक फोटो काढा आणि दिसलेले पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची मोजणी. शाळेची पोरं घेऊन दोन्हींत आपलं तळं घाला. एखाद्या तळ्यावर दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी असल्या की इंजिनिअरशी बोलताना "आम्हाला वाटतं" म्हणावं लागत नाही.

पंचायतीचा पुढच्या वर्षीचा आराखडा 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या ग्रामसभांतून ठरतो. त्या सभेला एक पानी कागद न्या: कोणती जागा, कोणत्या महिन्यात, किती भाग राखीव, आणि वरच्या चार ओळी. ठरावात नोंद झाली का ते सभा संपायच्या आत इतिवृत्ताच्या वहीत पाहून घ्या, आणि प्रत मागून घ्या.